गोड लागणारा दोरा

दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करायचं आणि सुईत ओवायचं, हे शिंपीमास्तर तीस वर्षं करत आले होते. त्या दुपारी मात्र टोक जिभेला लागलं आणि ते जागीच थिजले.

दोरा गोड होता.

त्यांनी दुसरं रीळ घेतलं. गोड. टाचण्या ओठांत धरल्या. गोडच! बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत अंधारलेलं, पंखा कुरकुरतोय आणि कोपऱ्यातला बिनडोक्याचा पुतळा अर्धवट शिवलेला कोट घालून सगळं ऐकत असल्यासारखा उभा.

पडद्याआडून त्यांची मुलगी बघत होती. कारभार करायची हौस दांडगी, म्हणून घरात तिचं नाव ठमाकाकू. "साखर सोडा, नाहीतर डोळे जातील," असं डॉक्टरांनी मास्तरांना बजावल्यापासून तिची झोप उडाली होती. शिंप्याचे डोळे गेले तर उरलं काय? पण साखरेऐवजी स्टीव्हियाची गोड पानं म्हटलं की मास्तर उखडत. "पाला खायला मी काय शेळी आहे?"

मग चोरूनच द्यायचं ठरलं. सकाळी मास्तर बाहेर गेल्यावर तिने कुंडीतली वाळवलेली पानं मिक्सरमध्ये दळली आणि याच खोलीत अस्तराच्या कापडातून चाळली. पंखा चालू ठेवून! दिसली तेवढी पूड तिने पुसली. न दिसलेली जिकडेतिकडे बसली होती.

मास्तर उठले. कात्रीची मूठ चाटली. टेप चाटली, एकपासून साठपर्यंत. मग पाय न वाजवता पुतळ्याजवळ गेले आणि हळूच त्याच्या खांद्याला जीभ लावली. ठमाकाकूच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आपले बाबाच आहेत ना?

"मास्तर!" दारात मुख्याध्यापिका बाई. ट्रायलला आलेल्या. "माझा कोट का चाटताय?"

"गोड लागतोय, बाई."

"कोट?"

"सगळंच."

बाईंनी बाहीवरून बोट फिरवून जिभेला लावलं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा गप्प होते, त्या पांढऱ्याफटक पडल्या. "ट्रायल... नंतर बघू," म्हणत उलट्या पावलांनी पायऱ्या उतरल्या.

मास्तर स्टुलावर कोसळले. "ठमे, ये गं इकडे. अंगातली साखर आता हातांतून पाझरतेय. ज्याला हात लावतो ते गोड होतंय!" थरथरत्या हातांनी त्यांनी मशीनचा खण उघडला आणि बॉबिनांखालून एक डबा काढला. "रोज चार चमचे खात होतो. चोरून. घे, ने हा."

गप्प बसलं असतं तर काम फत्ते होतं! पण बाबांचे हात काही थांबेनात.

"बाबा, तुम्ही नाही हो पाझरत," ती रडवेली झाली. "माझी पूड उडाली. पानांची."

मास्तरांनी हात पुढे केला.

"आण तो डबा."

ठमाकाकूने डबा छातीशी धरला. झालं, गेले डोळे! तिने डबा दिला. मास्तर बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि डबा उपडा केला.

"बाबा?"

"एवढं घाबरायला पुन्हा नाही जमायचं मला."

"मग चहात पानं घालू?"

"गोडाचं नावही काढू नकोस. बिनसाखरेचा आण."

पहिल्याच घोटाला मास्तरांचा चेहरा चुरगळला, मानेपासून टाचेपर्यंत शहारा गेला.

"भयंकर आहे," ते समाधानाने म्हणाले. "आता कुठे जिवात जीव आला."