कदीरभाईंचा शार्क

आमचे शेजारी कदीरभाई कुणालाही भेटले की आधी त्याचे खालचे दात बघतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही ते नवऱ्या मुलाशी पाच मिनिटं हसून बोलले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, मुलगा चांगला आहे, खालची ओळ सरळ आहे.

ते कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा डोक्यातून गेली नाही. आमच्या गारखेड्यात नळाला पाणी येतं कधीतरी, आणि आम्ही बादल्या घेऊन ताटकळत असताना हा माणूस आम्हाला नदीतल्या शार्कची माहिती देतो. शार्क समुद्रात असतो असं आम्ही शाळेत शिकलो. कदीरभाईंना ते मंजूर नाही. नदीतलेही असतात, फार दुर्मिळ, जाती तीनच. एक आपल्या गंगेतली, दोन ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या. गढूळ पाण्यात राहून डोळे बारीक झालेले.

"अन् दात खालून बघा साहेब, खालून. वरचे रुंद तर समुद्रातल्या बुल शार्कचे बी असतात. त्यो लबाड नदीत घुसतो अन् लोकं फसतात. गंगेतल्याचे खालचे बघा, भाल्यावानी बारीक."

हे सगळं हवेतलं नाही. बैठकीत, आपण जिथं घड्याळ लावतो तिथं, त्यांनी एक वाळलेला जबडा टांगलाय. त्यांच्या सरांनी कधीकाळी बंगालहून आणलेला, निवृत्तीच्या दिवशी भेट दिलेला. घरी आणताना मुकुंदवाडीजवळ स्कूटर खड्ड्यात गेली आणि वरचा जबडा एकीकडे, खालचा दुसरीकडे झाला. भाभी गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. त्यांनी निळ्या दोऱ्यानं दोन्ही जबडे जोडून दिले. भाभींना जाऊन आता चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात एक संशोधक मुलगी जुने जबडे तपासत फिरत होती. तिला कुणीतरी कदीरभाईंचा पत्ता दिला. गंगेतल्या शार्कचे नमुने जगात मोजकेच, हा खरा निघाला तर त्यांचं नाव पुस्तकात जाणार होतं. कदीरभाईंनी ईदचा कुर्ता घातला. मीही वाळूजच्या कारखान्यातून सुट्टी काढली.

मुलीनं भिंग लावून खालचे दात पाहिले. रुंद होते. बुल शार्क दिसतोय, असं ती जड आवाजात म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात तिचं भिंग वर गेलं आणि तिथंच थांबलं.

"चाचा, बारीक दात वर आहेत. खालचा जबडा वर, वरचा खाली, असा उलटा जोडलाय का? दोरा उसवून सांधे बघू द्या, लगेच कळेल." तिनं पिशवीतून छोटी कात्रीही काढली.

कदीरभाईंनी तिच्या हातातली कात्री हळूच घेऊन टेबलावर ठेवली.

"नको बेटा. बुल शार्कच लिहा."

ती चहा पिऊन गेली आणि मी भाईंवर चिडलो. आयुष्यभर आमचं डोकं खाल्लं आणि ऐन वेळी माघार घेतली, असं तोंडावर म्हणालो. ते जबड्याकडे बघत म्हणाले,

"उलटा हाय ते मला पहिल्याच दिवशी कळालं, साहेब. पण ताप होता तुमच्या भाभीला. दोन दुपारी बसून शिवला, बोटं टोचून घेतली. भिंतीवर लावला तर म्हणली, बघा कसा हसतोय. मी काय सांगणार होतो?"

मी उठून जबड्याखाली उभा राहिलो. निळे टाके बारीक होते, सगळे एका मापाचे. कारखान्यात मी रोज वेल्डिंगचे सांधे तपासतो. इतका सरळ सांधा मी पाहिला नव्हता, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

कदीरभाई तोंडभर हसले. खालचे पुढचे दोन दात नव्हतेच. इतक्या वर्षांत ते बघायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.