बोट आली तर

दामूअण्णांना कुठलंही आमंत्रण द्या, लग्नाचं, मुंजीचं किंवा नुसतं समोरच्या बिऱ्हाडात चहाला या असं, उत्तर एकच मिळायचं: "बोट आली तर येईन."

हे डोंबिवलीत! आमच्या चाळीच्या गल्लीत टांगासुद्धा अंग चोरून शिरायचा, तिथे बोट कुठून यायची? पण अण्णा यायचे. वेळेच्या आधीच यायचे आणि टेकायच्या आत यजमानाला विचारायचे, "घरात तापावरचं कोयनेल आहे ना?"

अण्णांची सगळी नोकरी अलिबागच्या बाजूला समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, दीपगृहात गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायला आले. समुद्र मागे राहिला, सवयी मात्र सामानाबरोबर आल्या. वैशाख लागला की ते चार महिन्यांचं सामान भरायचे. तांदूळ, रॉकेल, काड्यापेट्या, आणि औषधं तर आख्ख्या चाळीला पुरतील एवढी. कोपऱ्यावरचा वाणी वैतागून म्हणायचा, "अण्णा, मी पावसाळ्यात दुकान बंद नाही करत हो!"

"तू नाही करणार रे. दर्या करतो," अण्णा म्हणायचे.

पावसाळ्यात कुणाचं पोर तापलं की न बोलावता अण्णा बाटली घेऊन हजर. डॉक्टर येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचे आणि सारखं म्हणायचे, "येतोय हं, येतोय." आम्हाला त्याचंही हसू यायचं.

सहलीहून आलेल्या माणसांवर तर त्यांचा दातच होता. कुणी समुद्रावर जाऊन आलं की अण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे. "काय बघितलंत?" आणि लगेच, "खिसे उलटे करा." शिंपले निघाले की एकेक शिंपला पालथा करून त्याची पाठ निरखायचे आणि परत द्यायचे. वरच्या मजल्यावरचा कर्णिक त्यांना जकातवाले म्हणायचा. हा कर्णिक ठाण्याला माझ्याच कचेरीत होता. मयताला गेला तरी तिथे एखादी कोटी केल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. जिथे पूर्वी साहेबाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, अशा जागा बघून घ्यायची सगळ्यांना हौस आली होती. आमच्या कचेरीनंही रीतसर परवाना काढून सहल ठरवली, ती नेमकी अण्णांच्या बेटावर.

अण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय बघायला जाताय?"

"समुद्र, दिवा, मोकळी हवा," मी म्हटलं.

"तिथे पाटी आहे. ती वाचा."

पाटी होती. ‘या बेटावरील दगड, शिंपला, पान काहीही नेऊ नये.’ अक्षर सरळसरळ अण्णांचं. त्या पाटीला टेकून आम्ही फोटो काढला, पुरी-भाजी खाल्ली, पत्ते कुटले. मागच्या उतारावर कमरेएवढा एक चौथरा होता. चारी बाजूंनी शिंपले बसवलेले, वर वाळकं गवत. एक जण म्हणाला, हे पोर्तुगिजांचं थडगं. दुसरा म्हणाला, पीर आहे. हेडक्लार्कनी काहीही असो म्हणून नमस्कार करून घेतला. परतताना सगळ्यांचं एकमत झालं, बेट छान आहे, पण बघण्यासारखं काही नाही. कर्णिकनं मात्र आठवण म्हणून चौथऱ्याचा एक शिंपला उचकटून घेतला होता.

घरी आलो तर अण्णा जिन्याशी. कर्णिकनं हसत हसत शिंपला पुढे केला, "घ्या साहेब, जकात!"

अण्णांनी तो पालथा केला. पाठीला जुना चुना चिकटलेला होता. अण्णा तिथेच पायरीवर बसले.

"वर तुळस होती?"

"नाही. गवत होतं," मी म्हटलं.

"वृंदावन आहे ते. आमच्या हिनं बांधलेलं."

अण्णांचं लग्न झालं होतं हेच चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं. ते शिंपल्याशीच बोलल्यासारखे बोलत होते. "तिला करमायचं नाही तिथे. मी शिंपले आणून द्यायचो, ती लावत बसायची. प्यायच्या पाण्याची मारामार, तरी तांदळाचं धुवण घालून तुळस जगवली. रोज विचारायची, बोट आली का? एका आषाढात तापानं पडली. पावसाळ्यात होडी येत नाही हे तिलाही माहीत होतं. तरी विचारायची, बोट आली का? मी म्हणायचो, येतेय हं, येतेय." शिंपला मुठीत मिटून म्हणाले, "नाही आली."

इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो ते हे होतं. कर्णिक तोंड फिरवून उभा होता.

पुढच्याच रविवारी परवान्याची खटपट करून आम्ही तिघं निघालो. कर्णिकनं चुन्याचा डबा घेतला होता आणि स्वतःच्या गॅलरीतलं तुळशीचं रोप. अण्णांनी शिंपला रुमालात बांधून मुठीत धरला होता. बेट जवळ आलं तशी होडी लाटांवर हिंदकळायला लागली. खडकावर उडी मारूनच उतरावं लागत होतं. अण्णा उठले, पण तोल सांभाळता येईना. होडीवाल्या कोळ्यानं त्यांचा दंड धरला. "अण्णा, तुमी नका उतरू. पाय घसरंल."

आयुष्यभर ज्या खडकावर ते चढले-उतरले, तो हाताच्या अंतरावर होता. अण्णांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि गुपचूप खाली बसले. रुमाल कर्णिकच्या हातात देत म्हणाले, "तुम्ही जा. आणि तिला सांगा."

काय सांगायचं, ते आम्ही विचारलं नाही.

शिंपला बसवला. जिथे जिथे पोपडे निघाले होते तिथे चुना भरला. गवत उपटून तुळस लावली. मी प्यायच्या पाण्याची बाटली तिच्या मुळाशी रिकामी केली. खाली होडीत अण्णा उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत होते.

कर्णिकनं चपला काढल्या, हात जोडले. मग वाकून, घरातल्या आजारी माणसाशी बोलावं तसं हलक्या आवाजात तो वृंदावनाला म्हणाला, "काकू, बोट आली."