आंधी माह्या पोटात

चंपत दुसऱ्याच्या दुखण्याची दवा आधी स्वतः घ्यायचा. ताप तुम्हाला, काढा त्याच्या पोटात. संध्याकाळपर्यंत जिवंत राहिला, तर वाटीभर तुम्हाला मिळे. कोणी घाई केली की म्हणे, "आंधी माह्या पोटात, मंग तुह्या."

बुटीबोरीच्या अलीकडे आमचं गाव. तेव्हा तिथे डॉक्टर नव्हता, चंपत होता. त्याचं घर माझ्या घराला लागून.

एकदा माझा कान ठणकला. त्याने लसणाचं तेल कोमट केलं आणि स्वतःच्या कानात चार थेंब टाकले. मी दुखरा कान धरून, तो आपला धड कान वर करून, असे आम्ही ओसरीवर दुपारभर बसलो. माझी बायको येसू हसून बेजार.

"भाऊजी, कान याइचा दुखून राहिला न् तेल तुमच्या कानात काहून?"

"तुमाले नवरा एकच हाये, वहिनी. माह्यं काय, एकटा जीव."

पाटलाचं पोट अडलं तेव्हा चंपतने एरंडेल घेतलं आणि त्याच दिवशी नागपूरला गांधीबागेच्या कापडबाजारात धोतर आणायला गेला. मोटार वाटेत तीनदा थांबवावी लागली. नवं धोतर आणलं ते नेसूनच. पाटलाला म्हणाला, "घ्या बिनधास्त. लागू पडते."

मग येसूला खोकला लागला. जाता जाईना. चंपत अडुळशाचा काढा घेऊन आला, स्वतः प्यायला, तिच्याकडे पाहत बसला. संध्याकाळी आला, पण वाटी आणलीच नाही.

"हे माह्या हातचं नाही गा. बंडी जुंपतो. नागपूरले चाल."

मी ऐकलं नाही. कापूस वेचायचा होता. आठ दिवस घालवले. येसू दवाखान्यातून परत आली नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी चूल पेटवली नाही. चंपत येऊन समोर बसला. हात रिकामे.

मी म्हटलं, "याची दवा नाही आनली?"

"माही बायको जाऊन एकवीस वर्सं झाले," तो म्हणाला. "सारं घेऊन पाह्यलं. अजून लागू नाही पडलं."

"मंग?"

"मंग काई नाही. सकाळ झाली का कोनाच्या तरी घरी जाऊन बसतो. हातात वाटी असली का काहून आला म्हून कोनी इचारत नाही."

इतकी वर्षं मी त्या वाटीला हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा केला. जन्मात पहिल्यांदा. येसू असती तर तिने तो ओतून दिला असता आणि दुसरा टाकला असता. कपबशी घेऊन चंपतच्या दारात गेलो. त्याने हात पुढे केला. मी कप दिला नाही.

त्याच्यासमोर आधी एक घोट घेतला. फार गोड झाला होता.

मग दिला.