बरं, मग... निघते!

तळलेल्या चीजचा वास. केसांत बसला की ऑक्टोबरपर्यंत हलत नाही.

वसतिगृहाचा जिना, दोन्ही पाय जुळवून उडी, धप्प!

"हरणं आडवी येतात गं, जपून जा!"

एक पत्र्याचं ताट, वर निळं फडकं.

मांडीवर मारलेली एक थाप.

एवढ्या सामानावर ॲनिका टॉर्गसनचा उन्हाळा ठरला.

अमेरिकेत, विस्कॉन्सिनात आमच्या लून तलावावर टपाल बोटीनं येतं, आणि बोट थांबत नाही! कॉलेजातलं एखादं पोर चालत्या बोटीतून बंगल्याच्या धक्क्यावर उडी मारतं, पेटीत पत्रं टाकतं आणि बोटीचं शेपूट निसटायच्या आत परत बोटीत! सुट्टीत ह्याहून मानाची नोकरी नाही.

"ही नोकरी माझीच!" ॲनिकानं रॉल्फकाकाला फोनवर ठणकावलं. "अख्खा वसंत ऋतू उड्या मारतेय. खालच्या खोलीतल्या पोरी छत कोसळेल म्हणून पलंगाखाली झोपतात!"

"मार, मार," काका म्हणाला. जत्रेत त्याची चीजचे गोळे तळायची गाडी. "तुझा ॲप्रन मात्र धुऊन ठेवलाय हं."

तो ॲप्रन! गेली सगळी कॉलेजची सुट्टी ती त्याच्या आतच होती.

चाचणीला दोघंच. दुसरा शिकागोचा ट्रेंट. टोस्टरमधून पाव उडावा तसा तो उडाला, पत्रं टाकली, परतला. धक्क्यावरच्या एकाही माणसाकडे बघितलंसुद्धा नाही!

"आता तू," बोटीचा कॅप्टन डेल म्हणाला.

ॲनिका उडाली. काय उडी! पत्रं पेटीत. वळली. बोट अजून समोर. जिंकली!

"उकडतंय ना आज?"

धक्क्यावरच्या खुर्चीत पेटकोव्स्कीआजी बसल्या होत्या. हवामानाला उत्तर न देता निघून जाणं म्हणजे आमच्याकडे मयताच्या घरातून शीळ घालत निघणं.

"उकडतंय खरं. पण वारा आहे, आजी."

"तू चीजवाल्या रॉल्फची कोण गं?"

"पुतणी."

"अगंबाई! त्याचा गुडघा कसाय?"

"उडी मार!" कॅप्टन ओरडला.

ॲनिकानं मांडीवर थाप मारली. "बरं, मग... निघते!"

आता, ही थाप म्हणजे निघणं नव्हे. निघण्याचा विषय निघाला, एवढंच! आजी निरोप द्यायला उठल्या. उठल्या त्या ताट घेऊनच. "रूबार्बच्या वड्या. ने थोड्या." रूबार्ब म्हणजे चिंचेसारखे आंबट देठ.

"नको, कशाला..."

दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. दुसऱ्या 'नको'ला बोट गेली.

ॲनिका काठाच्या पायवाटेनं सुसाट पळाली. हातात ताट, खांद्याला टपालाची पिशवी! पुढच्या धक्क्यावर श्री. हाल्वर्सन कठड्याला रंग देत होते. तिनं पत्रं टाकली, वडी पुढे केली. न देऊन कसं चालेल? त्यांनी एक घास खाल्ला, बराच वेळ चावला.

"वेगळीच आहे चव," ते म्हणाले. आमच्याकडे ह्याहून वाईट कुणी बोलत नाही.

"बोट आली, काका! बरं, मग..."

"हो, पळ पळ! हरणं आडवी येतात गं, जपून जा!" रस्त्यावर असो की पाण्यावर, आमच्याकडे निरोप हाच.

ॲनिका हवेत होती. पण मोठी माणसं बोलली तर वळून उत्तर द्यावं, हे तिच्या हाडात.

"तुम्हीपण, काका!"

धबाक्!

पाण्यावर एक हात आणि हातावर ताट. पिशवी ट्रेंटनं आकड्यानं ओढून काढली. मग कॅप्टननं तिला.

परतल्यावर कॅप्टननं वडी खाल्ली. डोळे मिटले. "वेगळी आहे."

ट्रेंटनं एक तुकडा तोडला आणि "शी!" म्हणत तलावात थुंकला. ॲनिका आणि कॅप्टन आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"पोरी," कॅप्टन तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "उडी झकास. पण टपाल थांबत नाही. मी ट्रेंटलाच घेणार." त्यानं ट्रेंटलाही ऐकू जाईल अशी मांडीवर थाप मारली. "बरं, मग!"

"बरं, मग," ॲनिका म्हणाली. डोळ्यांपुढे ॲप्रन फडफडला. "निघतेच. तुमचं छप्पर गळत होतं ना, झालं नीट?"

"कुठलं गं!" कॅप्टन रेलला. छपरावरून बर्फ निघाला, बर्फावरून त्याच्या मेव्हण्याचा ट्रक. ते बोटीवरून धक्क्यावर आले, धक्क्यावरून तिच्या गाडीपाशी, आणि गाडीच्या खिडकीत कोपर टेकवून कॅप्टननं मासेमारी काढली. इतक्यात दुपारच्या फेरीचा भोंगा!

"ट्रेंट!" कॅप्टन ओरडला.

ट्रेंट कुठे होता? पहिल्याच 'बरं, मग'ला तो खरंच निघून गेला होता. कॅप्टननं फोन लावला.

"तुम्ही निरोप दिलात ना? मला वाटलं, मला नाही घेतलं!" पलीकडून ट्रेंट म्हणाला. "मी तर राज्याची हद्द ओलांडली. येताना दुसऱ्या नोकरीला हो म्हणून टाकलं."

कॅप्टननं वाळत आलेल्या ॲनिकाकडे बघितलं.

"पोहता येतं ना?"

"येतं!!"

"मग चढ. उन्हाळाभर. आणि ते ताट?"

"आजींना परत द्यायचंय. रिकामं कसं देऊ? काकाकडून चीजचे गोळे तळून आणते, उद्या पहिल्या धक्क्यावर..."

"पोरी, टपाल!"

पेटकोव्स्कीआजी त्या दिवशी वड्यांत साखर घालायला विसरल्या होत्या.