नॉबी प्लंबरावर विनिफ्रेडबाईंची स्वारी

सत्य तेंच लिहावें, तिखटमीठ लावूं नये, हा आमचा नेम. परंतु मजकूर मुळींच झणझणीत, तेथें लेखणीचा काय इलाज? इसवी सन एकोणीसशें सहासष्टीं, इंग्लंड मुलखीं, कसबे ब्रॅमस्टो येथें अखंडशीलमंडित नीतिधुरंधर विनिफ्रेडबाई ॲटलबरी यांचा अंमल होता. परक्यांची अब्रू सांभाळण्याची त्यांस भारी हौस.

दर गुरुवारीं सायंकाळीं आठास टीव्हीवरील एका विनोदी खेळांत नॉबी नामें प्लंबर येई, आणि त्याची विजार घसरे, आणि मग तो शिवी हासडी. बाईसाहेब कोचावर बसोन, डोळ्याचें पातें न लववितां, एकेक शिवी वहींत टिपीत. शेजारीं यजमान राजश्री सिरिलसाहेब. तीस वर्षांच्या संसारांत उभयतां एका कोचावर बसत ते एवढाच अर्धा तास.

"हसलात?"

"छे गं विनी, खोकला आला."

मग मसलत जाहली, आणि चर्चच्या दिवाणखान्यांत दरबार भरला, आणि चहा-केकाचा रतीब लागला. परंतु शिव्यांची यादी वाचावी कोणीं? बाईमाणसानें तें तोंडीं आणणें नामुमकीन. रविवारीं चर्चमध्यें बायबल वाचण्याचा मान सिरिलसाहेबांचा, सबब त्यांसच फर्मान सुटलें. त्यांनीं त्याच धीरगंभीर सुरांत सत्तेचाळीस शिव्या वाचिल्या. पाद्रीबाबांनीं रुमालांत तोंड लपविलें, आणि मागील रांगेंतून, पुनः एकवार वाचावें, ऐकूं आलें नाहीं, ऐसी विनंती आली.

मग, खेळ बंद व्हावा, ऐसा अर्ज मेजावर मांडिला. जो सही न करील तो खेळ पाहतो ऐसें ठरेल, या धास्तीनें, जे जे पाहत होते त्यांनीं आधीं धांवत येऊन सह्या ठोकिल्या. नऊशें बारा सह्यांचा खलिता लंडनीं रवाना जाहला. तेथील टीव्हीवाले मुत्सद्दी हबकले आणि नॉबीची विजार कायमची वर गेली.

पुढील गुरुवारीं आठास टीव्हीवर गुलाबांच्या छाटणीचें व्याख्यान लागलें. बाईसाहेब वही उघडोन बसल्या. व्याख्याता कमालीचा सभ्य निघाला. निर्लज्जानें एक शिवी देऊं नये?

"आवडायचं ना तुम्हांला ते?" बाईंनीं अखेर विचारिलें.

"सगळ्या गावाला आवडायचं."

"मग सही का केलीत?"

"पाद्रीबाबा माझ्याकडेच बघत होते. आणि खरं सांगू विनी? तुलाही आवडायचं. सात वाजल्यापासून पेन्सिलीला टोक करत बसायचीस."

"मी? काहीतरीच बोलू नका!"

सिरिलसाहेब उठले, आणि स्वेटर चढविला, आणि बागेंतल्या अवजारांच्या खोपटांत जाऊन आंतून कडी घातली. बाईसाहेबांनीं दोन वेळां हाक मारिली.

येणेंप्रमाणें नीतीची फत्ते जाहली, शत्रू नेस्तनाबूत जाहला, आणि सबंध कोच बाईसाहेबांच्या एकट्यांच्या ताब्यांत आला.