प्रत्येक घरामागे दोन गाड्या

स्टेशनापासून एकशे दहा पावलांवर (मी स्वतः मोजलीत) माझ्या मामाने चोवीस छोट्या घरांची इमारत बांधायचं ठरवलं. खाली दुकानं, वर घरं. त्यातलं एक मावशीचं. मावशी नर्स आहे. ड्युटीवर जाताना तीन बस बदलून पोचते, तेव्हा तीच पेशंट वाटते.

नियोजन कार्यालयातल्या साहेबांनी नकाशा उलगडला आणि ते गंभीर झाले.

"दर घरामागे दोन गाड्यांची जागा. अठ्ठेचाळीस गाड्या कुठायत?"

"साहेब, इथे राहणारे गाडीच घेणार नाहीत. म्हणून तर स्टेशनजवळ बांधतोय."

"न घेतलेल्या गाड्यांनाही जागा लागते. नियम आहे."

मामाने दुकानं काढली. भागेना. मग घरं बारा केली. तेव्हा कळलं, की वीसच्या वर गाड्या असल्या तर पहारेकऱ्याची खोली सक्तीची. खोलीत माणूस झोपतो, म्हणजे ते घर. म्हणजे पहारेकऱ्याच्याही दोन गाड्या. तो बिचारा सायकलवर येणार होता. सायकलसाठी मात्र नियमात जागा नव्हती.

मावशीचा फोन आला. "दादा, माझं घर आहे ना रे अजून?"

"आहे गं. जरा अंग चोरून बसलंय."

घरं सहा झाली. पण गाड्या वळायला रस्ता रुंद हवा. रुंद रस्ता पायी ओलांडणं धोक्याचं, म्हणून मध्ये कुंपण आलं. आता स्टेशनला जायला दीड किलोमीटरचा वळसा.

"एवढं कोण चालणार?" मामा म्हणाला.

"बघा, लागलीच ना गाडी?" साहेब प्रसन्न झाले. "नियम दूरदृष्टीने केलेले असतात."

शेवटी मामाने वैतागून घरांच्या रकान्यात शून्य लिहिलं, गाड्यांच्या जागा तेवढ्या ठेवल्या. नकाशा त्याच दुपारी मंजूर झाला.

मावशी बघायला आली. डांबरावर पांढऱ्या रेघा. मामाने एक चौकोन दाखवला. "हे तुझं स्वयंपाकघर होतं."

मावशी त्यात उभी राहिली. "हवा छान येते रे," म्हणाली. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि तिला बाजूला व्हावं लागलं.

नियम बदलावा म्हणून मामाने अर्ज केला. जनतेच्या हरकती मागवल्या गेल्या. तीनशे आल्या आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: घरं बांधा की, आमची ना नाही, पण आम्ही गाडी कुठे लावायची?

हसताय ना? हसा. हसून झालं की खाली जाऊन बघा, तुमची गाडी कुणाच्या स्वयंपाकघरात उभी आहे.