राउटरला जरीकाठी खोळ

पांडुरंगमामांच्या घरात इंटरनेट कुठे येतं आणि कुठे येत नाही, हे जमिनीवर खडूने आखून ठेवलेलं आहे. शिंपी कापडावर खुणा करतात ना, तो चपटा निळा खडू. फुली म्हणजे येत नाही, गोल म्हणजे येतं, आणि गोलात टिंब म्हणजे तिथे लॅपटॉप ठेवून मंजुळाशी बोलायचं. मंजुळा त्यांची लेक, मेलबर्नला असते. फरशी पुसायला येणाऱ्या गौरम्माला सक्त ताकीद आहे, बाकी सगळं पूस, पण रेंज पुसू नकोस.

मामा पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. नजरबाद भागात खाली शिवणकामाचं दुकान, वर घर. मामी गेल्यापासून वर एकटेच. मी साताऱ्याची, शेजारच्या घरात भाड्याने राहते आणि कंपनीचं काम घरूनच करते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठून विचारलं, "तुम्ही कंप्यूटरवाल्या, अल्वा?" अल्वा म्हणजे 'हो ना'. मी हो म्हणाले आणि फसले. तेव्हापासून त्यांच्या लॅपटॉपला शिंक जरी आली तरी हाक मला.

मामांचं मराठी घरचं, पण दर दोन शब्दांमागे कन्नड हजर. आणि एक वाक्य कायम जिभेवर: "माप चुकलंय." इडली दडस झाली, माप चुकलंय. समोरचे नवराबायको भांडले, माप चुकलंय. गल्लीच्या तोंडाशी नवा गतिरोधक घातला, त्यावर माझी स्कूटर उडाली, तेव्हा मामा जिन्यातून खाली येऊन चक्क टेपने तो मोजून गेले. "चार बोटं जास्त. ब्लाउज असता तर उसवून दिला असता," म्हणाले. माझ्या गुडघ्याची चौकशी नंतर.

दुसरं वेड खोळींचं. "उघडं ठेवलं की सुम्मने, उगाच धूळ बसते," म्हणून मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, सिलिंडरला झालरवाली खोळ. माझ्या चार्जरलाही एक शिवून दिली, काज-बटणासकट. चार्जर तिच्यातून काढायला पाच मिनिटं लागतात. पण बोलायची सोय आहे का!

तर परवाचा रविवार. आपल्याकडच्या अकराला मंजुळाच्या लेकीचं बारसं, मेलबर्नला, आणि आजोबा लॅपटॉपवरून हजर राहणार. आजोळची कुंची मामांनी स्वतः शिवून पाठवली होती. पण नातीला अजून हात लावलेला नाही, मग माप कसं घ्यायचं? मामांनी मंजुळाला लेकीच्या डोक्याशेजारी स्टीलचा चमचा धरायला लावला. तसलाच चमचा इथे घरात होता. मग पडद्याला टेप लावून, चमच्याच्या मानाने डोक्याचा हिशेब केला! "जन्मात पहिल्यांदा असं माप घेतलं गे ताई. बसेल ना?" हे मला आठवडाभर रोज ऐकायला मिळालं. दोनदा तर मी मीटिंगमध्ये असताना, खिडकीतून.

सव्वादहाला हाक आली. "ताई! पान उघडत नाही!"

मी ओल्या केसांनीच धावले. मामा धोतर, जरीची टोपी, गळ्यात टेप अशा थाटात टिंबावर बसलेले. समोर लॅपटॉप, त्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. वायफाय जोडलेलं आहे असं तो छातीठोक सांगत होता, पण एक पान उघडेल तर शपथ.

ब्राउझर बंद करून उघडला. ढिम्म. लॅपटॉप बंद करून चालू केला. ढिम्म. तारीख-वेळ पाहिली, बरोबर होती. जुना साठलेला कचरा पुसला. मामा मागून, "स्वल्प हळू गे, मंजुळाचे फोटो पुसशील." त्यांचा मोबाइल बटणांचा. माझ्यावर लावू म्हटलं, तर त्या जाड भिंतींत माझ्या मोबाइलला रेंज फक्त जिन्यात. जिन्यात बसू म्हटलं, तर म्हणाले, "एवढ्याशा पडद्यात नातीचं तोंड बटणाएवढं दिसेल. कुंची काय दिसणार, कपाळ?" शेजारी माझ्या घरी चला म्हटलं, तर नातीचं बारसं दुसऱ्याच्या घरातून बघायचं नाही म्हणाले.

मग वायफायचं नाव पुसून पुन्हा जोडायचं ठरवलं. पासवर्ड विचारला. मामांनी आकडे घडाघडा सांगितले.

"हे कसले आकडे, मामा?"

"मामीच्या ब्लाउजचं माप. शेवटपर्यंत तेच होतं. कसं विसरेन?"

मी आकडे घातले. जोडलं गेलं, चक्र फिरतच राहिलं. पावणेअकरा वाजले. मामांनी टेप सोडला, लॅपटॉपपासून देवघरापर्यंत फरशी मोजली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सव्वाचौदा फूट. परवाही तेवढंच होतं. माप बरोबर आहे गे, मग चुकलं काय?"

"देवघरापर्यंत कशाला मोजताय? राउटर तर खिडकीत असतो."

"तो हलवला. परवाच, अंतर मोजूनच. मंजुळा त्याच्यातूनच येते, अल्वा? मग त्याची जागा देवाशेजारी नको?"

देवाशेजारी रेशमी कापडात बांधलेलं काहीतरी होतं. आल्यापासून मी त्याला पोथी समजत होते, येता-जाता हातही जोडले होते! मी ती पोथी उचलली. गरम भाकरीसारखी तापलेली. म्हैसूर सिल्कची खोळ, आतून अस्तर, मध्ये कॅनव्हास, चारी बाजूंनी वीतभर अस्सल जरीचा काठ, आणि श्वास घ्यायला बिचाऱ्या राउटरला एक भोक नाही.

"मामा!" मी ओरडलेच. "जर म्हणजे धातू! वायफाय बाहेर येणार कुठून? आणि वर हा उकाडा! कोणी सांगितलं होतं हे?"

मामांचा चेहरा पडला. त्यांनी खोळ माझ्या हातातून घेतली आणि तिचा काठ सारखा करू लागले.

"मामीच्या लग्नातल्या लुगड्याची आहे गे. कुंची त्याचीच केली. तुकडा उरला. तिकडे नातीच्या डोक्यावर मामी, इकडे ह्याच्यावर मामी. दोन्हीकडे तीच असावी म्हटलं."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पंख्याखाली राउटर गार करून मी पुन्हा खिडकीत ठेवला.

अकराला पाच कमी असताना चक्र थांबलं आणि पडदा माणसांनी भरून गेला. पाळणा, फुगे, मंजुळा, आणि कुंचीतली नात. पण नात दिसेल तर ना! कुंची थेट नाकापर्यंत उतरलेली, खाली फक्त एक जांभई. तिकडे हशा पिकला.

"अण्णा, माप चुकलं तुमचं!" मंजुळा खदखदून हसत होती. "पहिल्यांदाच!"

"चुकलं गे, चुकलं," मामाही हसले. आत्याने तिकडे बाळाच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा मामांनी मला खुणावून विचारलं, ह्या लॅपटॉपचा कान कुठे? मी दाखवलेल्या जागी तोंड नेऊन त्यांनीही नाव कुजबुजलं. पलीकडे ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि पुन्हा हशा.

फोन संपल्यावर मी समजूत घालायला गेले. म्हटलं, चमच्यावरून माप घेतल्यावर व्हायचंच असं.

"चमच्याने बरोबर सांगितलं होतं," मामा टेप गुंडाळत म्हणाले. "मीच मोठी शिवली. पुढच्या दसऱ्याला येतो म्हणालेत. तेव्हाच्या डोक्याची आहे ती. मला स्वतःच्या हाताने घालायचीय."

"आणि दसऱ्याला जमलं नाही तर?"

मामांनी खोळीची घडी घालून मांडीवर ठेवली.

"कुंचीत आत दोन बोटं कापड दाबून ठेवलंय," ते म्हणाले. "उसवलं की आणखी एक वर्ष चालेल."